दोन पावसाळ्यांनंतरची शिफारस

घराचं काम काढायचं ठरलं की पहिला फोन नातेवाइकाला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला जातो. "तुमच्याकडे बाथरूमचं काम कोणी केलं होतं? माणूस कसा आहे?" उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं : "माणूस चांगला आहे. थोडा वेळ लावतो, पण विश्वासू आहे." एवढ्या बळावर आपण दोन-तीन लाखांचं काम, घराची किल्ली आणि पुढच्या दोन महिन्यांची झोप एका अनोळखी माणसाच्या हवाली करतो.

विश्वासू कंत्राटदार कुठेतरी आयता असतो, आपण फक्त त्याला शोधून काढायचं, ही समजूत आपल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. विश्वासूपणा कामाच्या बांधणीतून तयार होतो. काय करायचं ते लिहिलेलं आहे का, मोजायचं कसं ते आधी ठरलंय का, पैसे कशाबद्दल आणि कधी द्यायचे ते दोघांनाही माहीत आहे का, यावर तो उभा राहतो. एवढं असेल तर बेताच्या प्रामाणिकपणाचा माणूसही नीट काम करून जातो. नसेल तर सज्जन माणसाचं कामही बिघडतं आणि शेवटी मालक नि कंत्राटदार एकमेकांना चोर ठरवून वेगळे होतात.

शिफारस कुठे कमी पडते ते बाथरूमच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसतं. जुन्या टाइल्स आणि त्यांच्या खालचा कोबा फोडला की उघडा स्लॅब हाती लागतो. तो साफ करायचा, भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी भरायच्या, वॉटरप्रूफिंगचे थर द्यायचे, ते भिंतीवर निदान फूटभर वर चढवायचे, विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा, न्हाणी ट्रॅपकडे ढाळ काढायचा, कोपऱ्यांना वाटा मारायच्या. मग खरी परीक्षा. न्हाणी ट्रॅपला बोळा मारून चार इंच पाणी साठवायचं, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवायची आणि निदान ४८ तास त्याला हात लावायचा नाही. या काळात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे जाऊन बॅटरीच्या उजेडात छत आणि पाइपांचे जोड पाहायचे. रेघेखाली पाणी गेलं किंवा छताला ओल दिसली तर काम पुन्हा. आता टाइल बसवा, आणि यातलं काहीही दिसेनासं होतं. थर दोन दिले की एक, पाणी ४८ तास उभं होतं की "साहेब, एक रात्र पुरे" म्हणून सकाळी सोडून दिलं, हे सगळं टाइलखाली कायमचं गाडलं जातं.

शिफारस मिळते ती मात्र टाइल चकाकत असताना. वास्तुशांतीला आलेला माणूस रंग पाहतो, नळ पाहतो, नंबर लिहून घेतो. बाथरूमची गळती काही महिन्यांनी शेजाऱ्याच्या छतावर उमटते. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची परीक्षा तर पावसाळाच घेतो, आणि पहिल्या पावसात ताजा थर बहुधा टिकतोच. म्हणून कोणाचं मत घ्यायचंच असेल तर दोन पावसाळे काढलेल्या गिऱ्हाइकाचं घ्यावं. कंत्राटदाराकडे नुकत्याच संपलेल्या साइटचा पत्ता मागू नये, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या साइटचा मागावा. तिथे जाऊन एकच गोष्ट विचारावी : नंतर काही निघालं तेव्हा बोलावल्यावर आला का? काम बिघडणं कोणाकडूनही होतं. बिघडल्यावर फोन उचलणारा माणूस वेगळा.

कामाचा दर्जा गिऱ्हाइकाला न दिसण्याच्या या अडचणीचा अर्थशास्त्रात नीट अभ्यास झालेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याला कळत नसेल तर तो सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून निघून जातो. या कामासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्याहून अवघड प्रकार वेगळा काढला : काम होऊन गेल्यावरही ज्यांचा दर्जा गिऱ्हाइकाला कळत नाही अशा, दुरुस्तीसारख्या सेवा. आपला कोबा या दुसऱ्या प्रकारातला. तीन कोटेशनं मागवून सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवणारा मालक नकळत अकरलॉफ यांचा सिद्धांत खरा करत असतो. ज्याने दोन थर आणि ४८ तासांची चाचणी धरून हिशेब केला त्याचा आकडा मोठा येणारच. तो दोन-तीन कामं गमावतो आणि चौथ्या घरी एकच थर धरतो. बाजार लबाडांनी भरलाय असं आपण म्हणतो, पण त्यातले काही आपल्या घासाघिशीने घडवलेले असतात.

मग ओळखीवर काम देण्याची ही सवय आपल्यात इतकी पक्की कशी? गावात ती चालत होती, त्याला कारण होतं. सुतार, लोहार, कुंभार वतनदार बलुतेदार होते. पिढ्यानपिढ्या तेच घर, तोच सुतार, आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) ही व्यवस्था बारकाईने नोंदवलेली आहे, आणि तिच्यातल्या ओढाताणीवर, कामचुकारपणावरही त्यांनी बोट ठेवलं आहे. तिथला विश्वास टिकत होता कारण सुताराला गाव सोडता येत नव्हतं आणि कुणब्याला सुतार बदलता येत नव्हता. जातीने बांधलेल्या त्या नात्याची हळहळ करण्याचं मला कारण दिसत नाही. पण ते नातं गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही, ही गोष्ट मात्र पाहिली पाहिजे. आज पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये टाइल बसवणारा राजस्थानचा, सुतार उत्तर प्रदेशचा, गवंडी बंगालचा किंवा तेलंगणातला आणि बिगारी मराठवाड्यातून येऊन सकाळी नाक्यावर उभा राहिलेला असतो. ज्याची शिफारस झाली तो कंत्राटदार दिवसातून एकदा येतो, फोनवर बोलत घरभर फिरतो आणि जातो. शिफारस करणाऱ्या मेहुण्याच्या घरी ज्या हातांनी काम केलं ते हात आपल्या घरी येतीलच असं नाही. म्हणून मी म्हणेन, कंत्राटदाराची पारख त्याच्या गिऱ्हाइकांइतकीच त्याच्या मिस्त्रीकडून करावी. मिस्त्री त्याच्याकडे किती वर्षं आहे, लेबरचा हिशेब आठवड्याच्या आठवड्याला होतो की रखडतो, हे चहा घेताना सहज कळतं. जो आपल्या कारागिराला टिकवून धरतो, त्याच्याकडे कारागीर टिकण्यासारखं काही असतं.

ओळखीची जागा कागदाने घ्यायला हवी होती. आपल्याकडे ती घेतली नाही, कारण घरच्या कामाचं लिहून घेणं अजूनही अनेकांना अपमानासारखं वाटतं. "आपल्यात काय लिहायचं?" हे वाक्य कंत्राटदार म्हणतो तेवढंच मालकही म्हणतो. परिणामी कोटेशन म्हणजे एक ओळ : 'बाथरूम रिनोव्हेशन, विथ मटेरियल, लमसम', आणि पुढे रक्कम. टाइल कोणत्या भावाची धरली, पाइप कोणता, थर किती, राडारोडा कोण हलवणार, लिफ्ट बंद असेल तर माल वर चढवण्याचे पैसे कोणाचे, यातलं काहीच त्यात नसतं. हे प्रश्न टळत मात्र नाहीत. काम अर्ध्यावर असताना, भिंती फोडलेल्या असताना, मालकाची माघारीची वाट बंद झाल्यावर ते एकेक करून उभे राहतात. कंत्राटदार त्या वेळी लबाडीच करतो असं नाही. त्याच्या डोक्यात ५० रुपये फुटाची टाइल होती आणि मालकिणीच्या डोक्यात ९० रुपयांची, एवढंच झालेलं असतं.

प्लायचं उदाहरण घ्या. कोटेशनमध्ये 'वॉटरप्रूफ प्लाय' लिहिलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांत काहीही बसतं. भारतीय मानकांत सर्वसाधारण वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१० अशी वेगळी मानकं आहेत. सुतारही नुसतं 'सातशे दहा' म्हणतात. दोन्हींच्या भावात बराच फरक. लिहिताना मानक, जाडी आणि कंपनी लिहावी. माल उतरला की शीटवरचा आयएसआय शिक्का बघावा, त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते कळतं. पाच मिनिटांचं काम. लॅमिनेट चिकटल्यावर मात्र आत काय आहे ते स्वयंपाकघराचं कपाट फुगेपर्यंत कोणालाच कळत नाही.

मोजमापाचंही असंच. आठ बाय पाचच्या बाथरूमला सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची आहे. चारी भिंती मिळून २६ फूट, गुणिले सात, म्हणजे १८२ चौरस फूट, खालची फरशी ४०, एकूण २२२. पण अडीच फुटी दारावर टाइल लागत नाही. ते १७.५ वजा केले तर २०४.५. आता कोणता आकडा बरोबर? दोन्ही बरोबर असू शकतात. बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक आयएस १२०० आहे. गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजाच करायची नाही असं त्यात सांगितलंय, कारण तिच्या कडा करण्याचे वेगळे पैसे धरायचे नसतात. म्हणजे 'उघडी जागा वजा का केली नाही' हा प्रश्न चोरीचा असेलच असं नाही, तो पद्धतीचा आहे. रंगाच्या कामात कार्पेट एरियाच्या तीन-साडेतीन पट असा अंदाज सर्रास सांगितला जातो. अंदाज म्हणून तो ठीक, बिल म्हणून नाही. कोणती पद्धत वापरायची ते काम सुरू होण्याआधी ठरलं तर ती दोन मिनिटांची चर्चा असते. फायनल बिलाच्या दिवशी त्याचंच भांडण होतं आणि आवाज जिन्यापर्यंत जातो.

सार्वजनिक बांधकाम विभागाने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, १८५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या खात्यात मोजमाप पुस्तिका नावाची वही असते. तिच्या पानांना क्रमांक असतात, पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चूक झाली तर रेघ मारून सही करायची. कामाची लांबी-रुंदी-उंची जागेवर मोजून कनिष्ठ अभियंता तीत लिहितो, वरचा अधिकारी त्यातला काही भाग स्वतः तपासतो आणि त्या नोंदीवरच बिल निघतं. दर आधीच छापील दरसूचीत असतात. काम पूर्ण झाल्यावरही अनामत रक्कम दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत राखून ठेवतात. हे सगळं घरमालकाला एका शंभर पानी वहीत करता येतं : तारीख, काय झालं, किती झालं, दोघांच्या सह्या, आणि टाइलखाली जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो.

यावर सरळ आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. एवढी वही असूनही सरकारी रस्ते पहिल्या पावसात वाहून का जातात? याचं उत्तर माझ्या मते वहीत नाही. तिथे नोंद करणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि खड्ड्यात पडणारा तिसरा असतो. खोट्या नोंदीची किंमत ती करणाऱ्याला मोजावी लागत नाही. घरी टेप धरणारा आणि पुढची वीस वर्षं त्या छताखाली राहणारा माणूस एकच असतो. म्हणून जी पद्धत सरकारात हातमिळवणीने पोकळ होते, तीच घरी जिवंत राहू शकते. अट एवढीच की घरमालकाने स्वतः ओणवं होऊन मोजलं पाहिजे. ज्याला ते जमत नाही, वय झालंय, परगावी आहे, त्याने एखाद्या सिव्हिल इंजिनीअरला फी देऊन चार वेळा साइटवर बोलवावं. त्या फीवर पैसे वाचवणं मला सर्वांत महागडी काटकसर वाटते.

आता पैसे. काम सुरू होण्याआधी निम्मी रक्कम ॲडव्हान्स, हा आपल्याकडचा वाईट रिवाज आहे. बऱ्याचदा आपल्या ॲडव्हान्समधून मागच्या साइटची उधारी फिटते आणि आपलं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्सची वाट पाहत थांबतं. कॅलिफोर्नियात कंत्राटदारांना परवाने देणारं राज्य मंडळ १९२९ पासून आहे, आणि तिथे घरदुरुस्तीच्या कामात सर्वसाधारणपणे कंत्राटाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी रक्कम कमी असेल तिच्याहून जास्त आगाऊ घ्यायला कायद्याची मनाई आहे. आपल्याकडे विजेच्या कामाला परवानाधारक लागतो, महापालिका प्लंबरना परवाने देतात. पण टाइल, गिलावा, वॉटरप्रूफिंग, सुतारकाम, रंग यांसाठी कोणालाही काही सिद्ध करावं लागत नाही. तेव्हा ती मर्यादा मालकानेच घालावी. सुरुवातीला थोडी रक्कम, माल दारात आला की मालाचे पैसे, मोजून झालेल्या कामाचे पैसे दोन दिवसांत, आणि दहाएक टक्के पावसाळा जाईपर्यंत हाती.

यातली 'दोन दिवसांत' ही अट मालकावर आहे, आणि मला ती बाकी सगळ्यांइतकीच महत्त्वाची वाटते. कंत्राटदाराला शनिवारी लेबरला पैसे द्यावेच लागतात. मालकाचं बिल रखडलं की तो व्याजाने उचलतो किंवा माणसं दुसऱ्या साइटवर पाठवतो, आणि आपण म्हणतो, "बघा, पैसे मिळाले आणि गायब झाला." राखून ठेवलेली रक्कमही पुष्कळ घरांत कधीच दिली जात नाही, शेवटच्या दिवशी कुठे तरी ओरखडा सापडतो. सरकारही याला अपवाद नाही, थकीत बिलांसाठी राज्यातल्या कंत्राटदारांनी २०२५ मध्ये आंदोलनं केली. कोणत्या दोषासाठी रक्कम अडेल आणि कोणत्या तारखेला ती सुटेल हे लिहिलेलं नसेल तर राखीव रक्कम ही मालकाची लूट होते. मधेच डिझाइन बदलणं, टाइल निवडायला पंधरा दिवस लावणं, "जाता जाता तेवढं बाल्कनीचं करून द्या" म्हणणं, याचाही दर असतो. तो वहीत चढला पाहिजे.

कायदा पाठीशी आहे, पण कागद असेल तर. रेरा कायद्यातली पाच वर्षांची दोषदायित्वाची तरतूद विकासकावर, म्हणजे नवीन इमारत विकणाऱ्यावर आहे. आपल्या बाथरूमच्या कंत्राटदाराला ती लागू नाही. त्याच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. तिथे पहिला प्रश्न येतो : बिल कुठे आहे? आणि बिल बहुधा आपणच नाकारलेलं असतं, १८ टक्के जीएसटी वाचवायला. खरं तर ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा लहान कंत्राटदाराला सहसा नोंदणीच लागत नाही. त्याचं सहीचं साधं बिल पुरतं. ज्याला नोंदणी लागते त्याला रोखीने, बिनकागदी पैसे देणारा मालक स्वतःचा पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतो. वर ज्याने आपल्यासमोर कर चुकवला, तो आपल्याला मात्र फसवणार नाही अशी अपेक्षा धरतो.

हा विषय एका घरापुरता राहत नाही, हे २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला दिसलं. दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसं गेली, आणि तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. असा धोका असतो म्हणूनच सोसायटीच्या उपविधींत अंतर्गत बदलांना आधी परवानगी घ्यायला सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात ती परवानगी म्हणजे एक अर्ज, डिपॉझिटचा चेक आणि 'कामगारांनी लिफ्ट वापरू नये' अशी पाटी. दिवसभर सिमेंटची पोती वाहणाऱ्या माणसाला लिफ्ट नाही, अनेक घरांत संडासही नाही, आणि त्याच्याकडून आपण घोटून-घोटून केलेल्या कामाची अपेक्षा करतो. हे लाजिरवाणं आहे. ज्या घरात कारागिराला हातपाय धुवायला जागा मिळते तिथे तो उरलेल्या ग्राउटने न सांगता मागची फटही भरून जातो.

राज्यात एक लाखाहून जास्त गृहनिर्माण सोसायट्या आहेत. प्रत्येकीकडे हे परवानगीचे अर्ज फायलीत पडून असतात : कोणत्या फ्लॅटमध्ये काय काम झालं, कधी, कोणी केलं. शिफारशीची जी माहिती आपण फोनवरून चाचपडत गोळा करतो ती निम्मी इथे आहेच. तिला फक्त एक वही आणि दोन नोंदी जोडायच्या आहेत. दोन पावसाळ्यांनंतर सचिवाने त्या फ्लॅटला आणि त्याच्या खालच्या फ्लॅटला विचारून लिहावं : ओल आली का, आली तर कंत्राटदार आला का, किती दिवसांत आला. खालच्या फ्लॅटचं मत अनिवार्य, कारण गळती त्याच्या डोक्यावर होते. आणि समोरच्या पानावर कंत्राटदाराने मालकाबद्दल केलेली नोंद असावी : काम किती वेळा बदललं, मोजलेल्या कामाचे पैसे किती दिवसांत मिळाले, राखून ठेवलेले पैसे ठरल्या तारखेला सुटले की नाही.